चिलटं नसलेलं साल

पेट्रोलपंपाला लागून माझं दुकान.
मी जाळ्या विकतो, तोंडावर ओढायच्या,
हिरव्या, काळ्या, पोरांसाठी टोपीला शिवलेल्या.
आमच्या तळ्याचं नावच मीवात्न: चिलटांचं पाणी.
जूनमध्ये काठावर त्यांचे खांब उभे राहतात,
लांबून वाटावं कुणी ओली लाकडं पेटवलीत,
जवळ गेलं की धूर गुणगुणतो.
प्रवासी बसमधून उतरतात,
'अहाहा' म्हणायला तोंड उघडतात,
लगेच मिटतात
आणि थुंकत थुंकत माझ्याकडे येतात.

त्या साली आले ते उघड्या तोंडांनी हिंडले.
काय नशीब आमचं, म्हणाले,
एक चिलट नाही!
जाळ्या खुंटीवर तशाच.

हाल्फ्रीदूरबाई तेवढ्या गप्प.
ऐंशी उलटलेल्या. बदकांची अंडी वेचतात,
त्यांची आई वेचायची तशी:
कोमट पिसांत हात घालायचा, चाचपून मोजायचं,
चार मागे ठेवायची, वरची आपली.
चारच का, असं मी एकदा विचारलं होतं.
"बदकिणीला मोजता येत नाही," म्हणाल्या,
"म्हणून आपण मोजायचं."
त्या साली टोपली गेली तशीच परत आली.
कुठे दोन होती, कुठे एक,
कुठे नुसता पिसांचा खळगा.

थोर्लाकूरच्या गळाला मासा लागला
तर डोकं केवढं, आणि मागे शेपटीपर्यंत काहीच नाही.
मेंढीच्या लेंड्यांची धुरी द्यायच्या त्याच्या खोपटात
आकडेच टांगलेले होते, ओळीने.
तो शिव्या देत होता; कुणाला, ते त्यालाही कळेना.
कारण विष कुणी कालवलं नव्हतं.
खाली गाळात अळी रेशमाची नळी विणून बसते,
शेवाळाची पूड खाते, उडते, अंडी घालते, मरते.
चांगलं पिकलं की लेकुरवाळी होते,
लेकरांची लेकरं, त्यांची लेकरं,
आणि एका हिवाळ्यात बर्फाखाली
तळं चाटूनपुसून लख्ख.
तोंडं उरतात, घास संपतो.

पुढच्या वसंतात काठचं गवत फिकं आलं.
इतकी वर्षं मला वाटायचं ते आपोआप उगवतं.
मेलेली चिलटं झाडून झाडून
मी दारामागे ढीग लावायचो,
तिथलंच गवत गुडघाभर असायचं,
आणि मी कधी
त्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

त्या रात्री (रात्र कसली,
सूर्य टेकडीला पाठ टेकून पुन्हा उठतो)
गल्ला मोजायला बसलो. पटकन मोजून झाला.
समोर खुंटीवरची जाळी वाऱ्याने हलत होती,
आणि तिच्याआडून दुसरीच एक दिसायला लागली:
गाळ, अळी, मासा, बदक,
मेंढी, लेंड्या, धुरी, थोर्लाकूरचं ताट,
आणि एका गाठीत अडकलेला मी,
चिलटांवर जगणारा
आणि आयुष्यभर चिलटांना हाकलणारा.

तिसरं साल. मे संपत आलेला.
हाल्फ्रीदूरबाई दुकानात शिरल्या
एक डोळा घट्ट मिटून,
त्यातून पाणी गालावर.
"काय गेलं? थांबा, फुंकर मारतो."
"खबरदार!" त्या ओरडल्या.
करंगळी डोळ्याच्या कडेला लावली,
हळूच काढून माझ्यापुढे धरली.
ओल्या टोकावर एक काळा केस, केसाला पाय,
पाय हलत होते.

गिऱ्हाईक बाहेर ताटकळलं होतं.
आम्ही दोघं, श्वास धरून,
ती करंगळी मधे घेऊन
दारापर्यंत गेलो.